शकुनबाईनं न घेतलेलं नाव

एकोडीच्या शकुनबाईला श्रावण महिना म्हणता येत नव्हता. जीभ जड होती म्हणून नव्हे. जीभ तिची कशी चालायची ते शेजारणींना विचारा. पण श्रावण हे तिच्या भासऱ्याचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव, आणि भासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. म्हणून ती 'पोळ्याचा महिना' म्हणे. नवऱ्याचं नाव तर त्याहून अवघड, कारण ते देवाचंच निघालं. भजनात कृष्णाला त्या नावानं हाक मारायची वेळ आली की शकुनबाईचे ओठ मिटत आणि टाळ्या तेवढ्या वाजत.

"देव रागावन ना वो, शकुन!" बाया चिडवायच्या.

"कायले रागावते? त्याच्या घरीबी बायको हाये," ती म्हणायची.

हसू येतं ना? येऊ द्या, पण आधी पुढचं ऐका. लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. दिवाळीनंतर एकोडीत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली होती, घरोघरी पाहुणे, रात्री नाटक. पाहुण्या बाया सपरीत, म्हणजे ओसरीवर, जमल्या आणि नव्या नवरीला म्हणाल्या, नाव घे. शकुन तेव्हा तोऱ्यात होती. तिनं उखाणा घेतला, आणि असा ठणठणीत घेतला की बाया म्हणाल्या, आणखी एकदा होऊ दे. तिनं आणखी एकदा घेतला. तिचा नवरा घनश्याम (नाव मी घेतो, मला काय होतंय!) लाखनीच्या एका दुकानात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा आणि मंडईच्या नाटकाला दिवे लावायचा. त्याच संध्याकाळी तो मांडवाच्या खांबावर चढला आणि करंट लागून खाली आला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तो बेशुद्ध पडला होता, तेव्हा सासू रंभाबाई खाटेशी बसून सुनेला म्हणाली, "दोनदा नाव घेतलं ना तुनं? पाह्य आता."

झालं. पोरीनं तिथंच देवाला हात जोडले: पुन्हा या तोंडातून हे नाव निघणार नाही, याला उठू दे. घनश्याम उठला. पुढं चांगला संसार केला, केस पांढरे होईतो जगला. आता तुम्हीच सांगा, तिला कोणत्या तोंडानं म्हणायचं की बाई, तुझं चुकलं?

त्यांना मूल झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, मग हळूहळू घरात तो विषय कोणी काढेनासं झालं. थोरला भाऊ श्रावण भिंतीपलीकडच्या खोल्यांत राहायचा. त्याची बायको लवकर गेलेली, मागं एकच पोरगा, भूपेंद्र. त्या दिवसांत शेतीची लाइट यायची ती रात्री, आणि धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी उभं आहे की उतरलं, हे पाहायला माणसाला अंधारात धुऱ्याधुऱ्यानं, बांधाच्या कडेकडेनं, जावं लागे. श्रावण असाच गेला आणि त्याला साप चावला. सकाळी लोकांना तो धुऱ्यावरच सापडला. भूपेंद्र तेव्हा शाळेत होता. काकूनं त्याचं दप्तर उचलून आपल्या खोलीत आणलं, आणि तेव्हापासून तो या घरचा झाला.

 भावाला पोचवून आल्यावर एके दिवशी घरामागच्या सांदवाडीतून घनश्यामनं वेलावरच वाळलेला एक दुधी भोपळा काढून आणला. तुंबा म्हणतात त्याला. प्लास्टिकच्या पाइपाला भोकं पाडून तो पाइप त्यानं बांधीत उभा रोवला आणि आत तुंबा सोडला. पाणी असेतो तुंबा वर तरंगे. पाणी उतरलं की तो खाली बसे, तार तारेला लागे आणि घरच्या सपरीत लाल दिवा पेटे. दिवा पेटला नाही तर घराबाहेर पडायचं कारणच नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण करताना जीव गेला. पहिले तुंबे सडले, काही बुडाले, एक उंदरानं खाल्ला. तार धरायला शकुनबाई, पाइप धरायला शकुनबाई. तुंबा सडू नये म्हणून जवसाचं तेल चोळायची युक्तीही तिचीच. हे सगळं दाराआड चाललेलं, त्यामुळे त्या दोघांशिवाय कोणी पाहिलं नाही. गाव म्हणे, त्या दोघा भावांचं आधीपासून असंच काहीतरी चाललेलं असायचं.

ज्या दिवशी दिवा नीट पेटला, त्या दिवशी घनश्याम सपरीत मटकन खाली बसला आणि हमसून रडला. "भाऊ होता तवा काहून नाई सुचलं मले, वो?" एवढंच तो म्हणत होता.

भूपेंद्र हुशार निघाला. नागपूरला इंजिनिअर झाला, पुण्याला नोकरीला लागला. काकाचा तुंबा त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. त्यानं तुंब्याच्या जागी प्लास्टिकचा गोळा घातला, तारेच्या जागी बिनतारी यंत्र बसवलं, दिव्याच्या जागी मोबाइलची घंटी. मग सुट्टीत घरी येऊन त्यानं काका-काकूला समजावलं की याचा नकाशा आपण सगळ्या जगाला उघडा ठेवणार. कोणीही पाहावा, कोणीही बनवावा, कोणीही विकावा. अट एकच, ज्यानं पहिल्यांदा बनवलं त्याचं नाव पुसायचं नाही. आणि सुरुवातीच्या खर्चाला इंटरनेटवर लोकवर्गणी मागायची, गावात मंडईच्या नाटकाला मागतात तशी.

"आनि डब्यावर नाव, बाबाचं. श्रावण," भूपेंद्र म्हणाला.

घनश्यामचे डोळे भरून आले. "लय बेस केलं, बेटा."

"खाली बारीक अक्षरात तुमचंबी टाकतो, काका. बनवणारे घनश्याम, एकोडी."

"माहं कायले? राहू दे ना जी."

तोंडानं राहू दे, पण त्या दिवशी त्यानं भात दोनदा मागून घेतला. रात्री अंथरुणावर बायकोला म्हणाला, "भूपेंद्राच्या नावाच्या मधात भाऊचं नाव हाये, तसंच पायजे. माहं नाव कोनाच्या मधात लागन? डब्याच्या खाली लागलं तं लागलं." म्हणाला आणि स्वतःशीच हसला. शकुनबाईला ते हसू जिव्हारी लागलं. मुलाच्या नावामागं बापाचं नाव लागतं, ही काय साधी गोष्ट. पण ज्याला मूल नाही त्याचं नाव त्याच्याबरोबरच मसणात जातं. मागणं तरी किती, एका डब्याच्या बुडाशी बारीक अक्षरं! तिनं मनाशी धरलं की एवढं तरी या माणसाला मिळालं पाहिजे.

वर्गणी मागायला व्हिडिओ लागतो म्हणे. वर्गणीच्या त्या वेबसाइटवाल्यांकडून रुचिका नावाची एक पोरगी कॅमेरा घेऊन आली. पुण्याची, गोड बोलणारी, काही वाईट नव्हती बिचारी. तिनं बांधी पाहिली, जुना तुंबा पाहिला, आणि शकुनबाईला सपरीत बसवून विचारलं, "मावशी, हे पहिल्यांदा कोणी बनवलं?"

भूपेंद्र तेव्हा बांधीत पाइप धुवत होता. घनश्याम दारात उभा होता. त्याच्या डोक्यावर भिंतीला श्रावणचा हार घातलेला फोटो. शकुनबाईनं पदर दाताखाली धरला, लाजली, हसली, आणि हनुवटीनं दाराकडे दाखवलं.

"आता कसं सांगू, बाई? त्याईनंच."

कॅमेरा दाराकडे वळला. आणि घनश्याम? कॅमेरा आपल्याकडे येतोय हे पाहून तो लाजरा प्राणी चट्कन बाजूला झाला! कॅमेऱ्यात आली ती भिंत, आणि भिंतीवरचा हार घातलेला फोटो. रुचिकाचे डोळे पाणावले. तिनं पुढं विचारलंच नाही. दुःखी घरात फार विचारू नये, असं तिला शिकवलं असेल.

व्हिडिओखाली अक्षरं आली: 'माझ्या दिवंगत दिरानं हे बनवलं.' लोकांनी तो डोळे पुसत पाहिला आणि वर्गणीचा पाऊस पडला. वर्तमानपत्रातही छापून आलं. मेलेल्या शेतकऱ्याचं स्वप्न, मुलानं पूर्ण केलं! काय सांगायचं आता. कोणी खोटं बोललं नव्हतं आणि सगळं खोटं झालं होतं.

भूपेंद्रनं पाहिलं तेव्हा त्याला चूक कळली होती, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. पण बापाचा फोटो लोक मोबाइलवर एकमेकांना पाठवतायत, हे पाहून कोणत्या पोराचा हात दुरुस्तीला उठेल? नंतर करू, असं तो म्हणाला. नंतर हा शब्द फार वाईट.

पहिला डबा घरी आला. शकुनबाईनं कुंकू लावलं. घनश्यामनं डबा हातात घेतला, समोरून पाहिला, उलटा केला, चारी बाजूंनी फिरवला, पुन्हा उलटा केला. बुडाशी काहीच नव्हतं. त्यानं तो अलगद फडताळात ठेवला.

"चहा मांड वो," तो म्हणाला.

त्या सकाळी त्याचा चहा आधीच झाला होता. शकुनबाईनं पुन्हा मांडला. चुलीपुढं बसून तिच्या मनात येत होतं, मेली ती हनुवटी! एक शब्द काढला असता तर काय जीभ झडली असती? आणि लगेच तिला दवाखान्यातली ती खाट आठवली, आणि तिनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं.

"पुढच्या खेपेले टाकतो, काका, छापून झालं आता," भूपेंद्र फोनवर म्हणाला.

"अगा, मी का मांगून रायलो का?" घनश्यामनं उलट त्याचीच समजूत काढली.

पुढची खेप निघायच्या आतच दुसरं संकट आलं. परराज्यातल्या एका टोळक्यानं उघडा नकाशा घेऊन हुबेहूब तोच डबा काढला, स्वस्तात, आणि त्यावरचं श्रावण नाव पुसून स्वतःचं छापलं. बनवायला मोकळीक होती, नाव पुसायला नव्हती. भूपेंद्र पेटला. त्या दिवसांत तो घरीच होता. अंगणात येरझारा घालत फोनवर ओरडायचा, "ज्याची मेहनत त्याचं नाव पायजे! मेलेल्या मानसाचं नाव पुसता, लाज नाही वाटत?"

सपरीत घनश्याम सुपातले खडे वेचत बसला होता. शकुनबाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. खडे संपले तरी त्याची बोटं तांदळात फिरत राहिली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर जाऊन त्या पोराचा कान धरावा असं वाटलं. पण ज्या पोराला आपल्या हातानं भरवलं, त्याला बापाच्या नावासाठी भांडताना कसं अडवायचं? ती सूप घेऊन आत गेली.

त्याच हिवाळ्यात घनश्यामला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. कळत सगळं होतं, पण तोंडातून नुसता घरघर आवाज निघे. नागपूरपर्यंत दवाखाने झाले, डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या.

नकाशाही त्याच वर्गणीच्या वेबसाइटवर ठेवलेला, म्हणून भूपेंद्रनं तिथं तक्रार केली होती, आणि नेमकं तेव्हाच त्या टोळक्यानं वेबसाइटवाल्यांना तिचं उत्तर पाठवलं. बाकी काही असो, डोकं त्यांचं चालत होतं. ते म्हणाले, तुमच्याच पानावर लिहिलं आहे की श्रावण सापानं गेला म्हणून हे यंत्र झालं. मग मेलेल्या माणसानं ते बनवलं कसं? मूळ कोणी बनवलं हेच जर तुम्हाला सांगता येत नाही, तर आम्ही नाव ठेवायचं तरी कोणाचं?

भूपेंद्र धावत एकोडीला आला. काकाच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. "मी लिहून देल्लं त्याईले, काका, का तुमीच बनवलं. पन ते म्हनते का तू आधी एक बोलला, आता दुसरं बोलून रायला, तुह्यावर इश्वास कोन ठेवन?" मग तो काकूकडे वळला. "बनवताना तूच होती ना, काकू? आता तुह्याच तोंडचं चालते."

पुन्हा रुचिका आली. तिनं आधी शकुनबाईचे हात हातात घेतले. "मावशी, मागच्या वेळी तुम्ही जे बोलला नाहीत ते मी लिहून मोकळी झाले. या वेळी मी तुमच्या तोंडात शब्द घालणार नाही, आणि दुसऱ्या कुणालाही घालू देणार नाही. नाव तुमच्याच तोंडून आलं पाहिजे. मान हलवून चालणार नाही." चांगल्या मनानंच म्हणाली. लिहिता येत असतं तर शकुनबाईनं तिथल्या तिथं लिहून दिलं असतं, पण तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं.

घनश्यामला उशीला टेकवून खाटेवर बसवलं होतं. आता तो कॅमेऱ्यापासून हलू शकत नव्हता. रुचिकानं विचारलं, "हे पहिल्यांदा कोणी बनवलं?"

शकुनबाईनं तोंड उघडलं. खरंच उघडलं. सगळं सकाळपासून ठरवून बसली होती ती, देवापुढं दिवाही लावला होता. शब्द गळ्यापर्यंत आला. आणि तिची नजर खाटेवर गेली. तोंड वाकडं झालेलं, छाती भात्यासारखी वरखाली होणारी, आणि सारा जीव डोळ्यांत आणून तो तिच्या ओठांकडे पाहत होता. धडधाकट होता तेव्हा नाव घेतलं तर खांबावरून पडला. आता घेतलं तर?

"त्याईनं," ती म्हणाली. "त्याईनंच बनवलं, बाई."

"त्यांनी म्हणजे कोणी, मावशी? नाव?"

"आमच्या घरच्याईनं."

"नाव, मावशी. एकदाच."

"माह्याच्यानं होत नाई वो माय!" शकुनबाईनं पदरात तोंड खुपसलं आणि ओक्साबोक्शी रडली. "ते हायेत आजून. ते जिते हायेत ना!"

भूपेंद्र पाठ फिरवून दारात उभा राहिला. रुचिकानं कॅमेरा बंद केला. खाटेवरून घनश्यामनं डावा हात पुढं केला आणि बायकोच्या डोक्यावर ठेवला. अर्ध्या तोंडानं तो काहीतरी म्हणाला. ते राहू दे होतं, की आणखी काही, हे तिला कधीच कळलं नाही. पुढं कित्येकदा तिनं तो आवाज कानात आठवून पाहिला, उलगडला नाही.

वेबसाइटवाल्यांनी निकाल दिला: मूळ कर्ता सिद्ध होत नाही, ज्याला जे नाव छापायचं ते छापावं. आता तो डबा कुठंकुठं जातो, आणि दर डब्यावर वेगळंच नाव असतं. भूपेंद्रनं तर आपल्या डब्यावरचं बापाचं नावही काढून टाकलं. काकाचं नाही तर कुणाचंच नको, म्हणाला. हे शहाणपण त्याला आधी सुचलं असतं तर!

आणि घनश्याम? पावसाळ्यातल्या धानाच्या रोवणीआधीच गेला. तिनं नाव घेतलं नाही, तरी गेला. ज्या एका शब्दाच्या बदल्यात तिनं त्याचं आयुष्य राखलं होतं, तो शब्द तिच्या तोंडातच राहिला आणि माणूस गेला.

तेरवी झाली, पाहुणे परतले. भूपेंद्र बॅग भरत होता. शकुनबाई सपरीत आली आणि खांबाला टेकून बसली. कपाळ मोकळं. मांडीवर तो जुना, जवसाच्या तेलानं काळा पडलेला तुंबा.

"तुह्या मोबाइलवर चालू कर ते," ती म्हणाली.

"काय, काकू?"

"ते शूटिंग. तुह्यासाठी घे. मी सांगतो कोनं बनवलं."

 त्या साइटचं आता सगळं संपलं आहे, हे भूपेंद्र बोलला नाही. त्यानं मोबाइल काढला. शकुनबाईनं पदर सारखा केला. तोंड उघडलं, मिटलं. मग पोराकडे पाहून तिनं विचारलं, "बेटा, आता घेतलं तं त्याईले काई होत नाई ना?"

 भूपेंद्रनं नकारार्थी मान हलवली.

"घनश्याम," ती म्हणाली. जड, अनोळखी आवाज, पहिल्यांदा बोलणाऱ्या लेकरासारखा. "घनश्यामनं बनवलं."

तिच्या तोंडाकडे पाहता पाहता भूपेंद्रचं बटण दाबायचंच राहिलं होतं. त्याच्या ते लक्षात आलं आणि तो कानकोंडा झाला. "काकू... नाई निघालं वो. आनखी एकदा घेशीन?"

मंडईतल्या त्या बायाही असंच म्हणाल्या होत्या, आणखी एकदा. शकुनबाई तुंब्यावरून हात फिरवत राहिली.

"घे, बेटा," ती म्हणाली. "आता कितीबी खेपा घे. आता माहं काय जाते?"